मुकादमांची दुसरी पायरी

मुकादम म्हणजे आधी मिशा आणि मिशांमागे थोडासा माणूस. ते गल्लीत शिरले की भुंकणारी कुत्रीसुद्धा विचारात पडत. पण एक गोष्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होती, तोंडावर कुणी बोलत नसे इतकंच. घरातला दिवा गेला की स्टुलावर चढायची त्यांची बायको, आणि खालून "सांभाळून, सांभाळून" म्हणत घामाघूम व्हायचे हे.

अशा माणसाच्या हाती होती गंधक दळून पोत्यांत भरायची शेड. गंधकाची भुकटी जमिनीवर पडून राहिली तर गरीब गाय. हवेत उधळली आणि तिला ठिणगी भेटली, की खेळ खलास. म्हणून तिथे फावडं पितळेचं. झाडूला बंदी, भुकटी ओढून घेणाऱ्या पाइपानेच उचलायची. पोतं भरताना यंत्राला अर्थिंगची तार हवीच. हे सारं मुकादम डोळ्यांत तेल घालून बघत. एकाच्या खिशात काडेपेटी सापडली, तेव्हा त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

बघत नसत ते फक्त वर. छताखालच्या लोखंडी तुळयांवर भुकटी साचते. दर आठवड्याला चक्की बंद करून, शिडी लावून ती काढायची आणि मुकादमांनी स्वतः चढून तपासायची, असा नियम. मुकादम दुसऱ्या पायरीपर्यंत जात, मान वर करत, मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, "चकाचक! लावा चक्की." तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय कधी पडलाच नाही. माणसांनी हे कधीच ओळखलं होतं. बघणाराच चढत नाही, तर पुसणाऱ्याने कशाला मरायचं? पाइप इकडेतिकडे फिरवला की झालं काम.

त्याच शेडमध्ये मुकादमांचा साडू पोती भरायला होता. त्यांनीच चिकटवलेला. "साडूभाऊ, मिशांना अर्थिंग लावलंय ना?" असं सगळ्यांदेखत विचारायची छाती फक्त त्याची.

एका दुपारी चक्कीत कुठूनसा एक नट पडला. आत ठिणगी उडाली, फुसका बार झाला, झाकण उडालं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्या धक्क्याने तुळया हादरल्या, आणि वरचा सगळा थर पिवळ्या ढगासारखा खाली आला. मग तो ढग पेटला. साडूने तोंडावर हात धरले म्हणून डोळे वाचले. हात नाही वाचले. मुकादमांनीच त्याला काखांत हात घालून ओढत बाहेर आणलं.

झालं! गल्लीत जो तो शाबासकी द्यायला धावला. मिशांना पीळ भरायचे दिवस, पण मिशा लोंबलेल्या. हॉस्पिटलात मेहुणी नवऱ्याला चमच्याने भरवत होती. यांना बघताच उठून उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हे दिसतायत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मुकादमांना झालं. ती वाटी धुवायला गेली, तसा साडू हळूच म्हणाला, "चौकशीवाले साहेब आले होते. सांगून टाकलं, तुळया पुसायची पाळी माझी होती, मीच टाळाटाळ केली."

"अरे, नोकरी जाईल तुझी!"

"या हातांनी कोणती नोकरी करणार? तुमची तरी राहू द्या. आणि ते शिडीचं कशाला चारचौघांत? लोक हसतील."

म्हणजे यालाही ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना शेडबाहेर उभं केलं आणि दोष साडूच्या माथी ठेवला. "कुणाला काही बोलायचंय?" साहेब वळले, निघालेसुद्धा.

"साहेब, मला शिडीची भीती वाटते," मुकादम म्हणाले.

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच सुटले. साहेबांच्याही तोंडावर हसू. "अहो मुकादम, इथे शिडीचा काय संबंध?"

"मी वर कधी चढलोच नाही. दुसऱ्या पायरीवरून चकाचक म्हणायचो."

हसू जागच्या जागी विझलं.

"मग वर कोण बघत होतं?"

"कोणी नाही, साहेब."

मुकादमकी गेली, साडूवरचा दोष उतरला. संध्याकाळी मुकादम हॉस्पिटलात गेले आणि मेहुणीसमोरच सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"हसले ना सगळे? म्हटलं नव्हतं?" साडू म्हणाला आणि स्वतःच हसायला लागला. हसताना हात हलले, तसा कळवळला.

मेहुणीने ते पट्ट्यांत गुंडाळलेले हात उचलून उशीवर नीट ठेवले. "मला नाही हसू येत, भाऊजी," ती म्हणाली आणि नवऱ्याला पुढचा घास भरवू लागली.

मुकादम उभेच राहिले. बसा म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.