परीक्षा मागणारी अंजू

देगलूरची अंजू लग्न करून कर्नाटकातल्या औरादला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आयटीआयचं सर्टिफिकेट होतं. नांदेडला एकवीस पोरांत ही एकटी मुलगी इलेक्ट्रिशियन झालेली. पुढं दोन वर्षं तिनं देगलूरच्या एका वर्कशॉपात पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळायचं काम, केलं होतं. नवरा शिवराज बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. "काम कर की, मी कामून नको म्हणू?" एवढंच तो म्हणाला.

२००१ साली ती बीदरच्या एका पंपाच्या कारखान्यात गेली. मॅनेजरनं कागद हातात न घेताच विचारलं, "कन्नड बर्तदेनरी?"

"बोललेलं समजतंय. वाचता येत न्हाई."

"मग पॅकिंगला या. बायका तिथंच आहेत. आणि हा कागद तर महाराष्ट्रातला."

"तार तर तीच हाय की, साहेब," अंजू म्हणाली आणि कागद उचलून बाहेर पडली.

घरी सासू राजूबाई चिडली. "मिळालं ते धरायचं सोडून भांडून आलीस! परका मुलूख हाय हा."

"सासर परकं कसं होतंय, आत्या?"

चार दिवसांनी ती पुन्हा बीदरच्या बसमध्ये बसली. या वेळी गेली ती एका पॉलिटेक्निक कॉलेजात. तिथल्या वर्कशॉपचे प्रमुख अमृतप्पा सर खडूस म्हणून प्रसिद्ध होते.

"सर, नोकरी नको. माझी परीक्षा घ्या, आन् मला काय येतंय ते कन्नडात लिहून द्या."

"बाहेरच्याची परीक्षा घ्यायचा नियम नाही, अक्का."

"मग करा की नियम."

प्राचार्यांना दया आली. लॅबमध्ये झाडझूड करायला ठेवून घेऊ म्हणाले. अंजू ताठ उभी राहिली. "झाडायला न्हाई आले मी."

अमृतप्पा सरांनी कोपऱ्यातली पाच हॉर्सपॉवरची जळकी मोटार दाखवली. पोरांनी ती दोनदा गुंडाळली होती आणि दोन्ही वेळा ती जळाली होती. अंजूनं जुनी तार सोडवताना एकेक वेढा मोजला. "एका कॉइलला वेढे कमी हायत. मागच्यानं कंटाळा केलाय," ती म्हणाली. दोन दिवस ती ओट्यावरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी मोटार चालू केली. अमृतप्पा सर तासभर मोटारीवर हात ठेवून ती किती तापते ते बघत राहिले. मोटार तापली नाही.

त्यानंतर तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस, सरांनी तिला कारखान्यापुरतं कन्नड शिकवलं. कामाची चिठ्ठी, सुट्टीचा अर्ज, भिंतीवरच्या पाट्या. लाल पाटीवरची पहिली अक्षरं तिनं जुळवली, "अपाय." म्हणजे धोका. ती हसली, "हे तर आपलंच निघालं!"

मग तिला काय येतं ते कन्नडात लिहिलेलं पत्र घेऊन सर स्वतः तिच्यासोबत त्याच कारखान्यात गेले. मॅनेजर म्हणाला, हेल्पर म्हणून घेतो.

"काम वायंडिंगचं, तर हुद्दा बी वायंडरचाच," अंजू म्हणाली.

सर कन्नडात म्हणाले, "तुमचा माणूस आणि ही, दोघांना एकेक मोटार द्या. मी इथंच बसतो." मॅनेजरनं तशी वेळ येऊ दिली नाही. वायंडर म्हणूनच घेतलं.

पहिले सहा महिने कामगार तिच्याशी बोलत नव्हते. तिचे पक्कड-पाने गायब व्हायचे. तिनं नवे घेतले आणि प्रत्येकावर कन्नड अक्षरांत आपलं नाव कोरलं. नंतर एकही हरवला नाही.

पुढच्या वर्षापासून कॉलेजनं बाहेरून आलेल्या कारागिरांसाठी अशीच परीक्षा आणि भाषेचा वर्ग सुरू केला. जहीराबादचा तेलुगू वेल्डर आला, उदगीरचा फिटर आला. वायंडिंगची परीक्षा घ्यायला सर अंजूला बोलवायचे. २००८ साली तिचा चुलत भाऊ योगीराज देगलूरहून आला. त्याचं काम कच्चं होतं. अंजूनं त्याला नापास केलं.

"घरच्या माणसाला नापास करायलीस?" तो ओरडला.

"व्हय. करायले. राहा म्हैनाभर माझ्या घरी, शिक."

तो रागानं देगलूरला निघून गेला. पंधरा दिवसांनी वळकटी घेऊन परत आला आणि दुसऱ्या खेपेला पास झाला.