मेधाचा रिकामा तास

मेधाच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी मॉलच्या पार्किंगमध्ये होते. "मेधा गेली," तो म्हणाला. "हार्ट." मी आधी चिडले. रडणं नंतर आलं... सहा आठवडे झाले, राग अजून मुक्कामाला आहे.

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या आपल्या गॅरेजमध्ये टेबल मांडून मेधा मुलांना वेळ सांभाळायला शिकवायची. "निबंधाला किती वेळ लागेल?" मुलगा ऐटीत म्हणणार, अर्धा तास. ती घड्याळ लावायची, लागायचे दोन. दोन्ही आकडे त्यानेच वहीत लिहायचे. मेधाला ओरडावं लागत नसे. मग ती आठवड्याचं वेळापत्रक करून घ्यायची आणि त्यात एक चौकोन सक्तीने कोरा ठेवायला लावायची. चांगल्या शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या हद्दीत, राहता यावं म्हणून घरं बदललेल्या आम्हा आयांना तो कोरेपणा बघवत नसे. माझ्या इराच्या चौकोनात मी गुपचूप वक्तृत्वाचा क्लास कोंबला, तर मेधा म्हणाली, "तू टीसी आहेस का गं? जागा रिकामी दिसली की बसवलंस कुणाला तरी."

मी पोट धरून हसले आणि वर तिचाच गुरुवार मागितला. भिंतीवरच्या तिच्या वेळापत्रकात चार ते पाच कोरं होतं. "इराची बारावी आहे, दे ना."

"तो माझा आहे."

"तू कुठे पळून चाललीयेस?"

तिने पेन उचलून त्या चौकोनात इराचं नाव लिहिलं. "बरं, पाठव तिला."

त्या तासात तिला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तो गुरुवारी दुपारीच भेटायचा. तिने अपॉइंटमेंट तीनदा पुढे ढकलली, हे प्रकाशने नंतर सांगितलं. दुसऱ्यांच्या पोरांना 'काम पुढे ढकलू नका' शिकवणारी ही बाई, मला एका शब्दाने बोलली नाही. याचा राग कुणावर काढू?

शोकसभेत जो तो कौतुकाने सांगत होता, मेधा कधी कुणाला नाही म्हणाली नाही. मी उठून माईक घेतला. "म्हणाली होती. मला. मी ऐकलं नाही." समोसे खाणारे हात जिथल्या तिथे थांबले.

गेल्या गुरुवारी चार वाजता इराने पुस्तक मिटलं आणि मागच्या अंगणात जाऊन गवतावर आडवी झाली.

"काय करतेयस?"

"नथिंग, आई. मेधामावशीचा अवर आहे."

फिजिक्स माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पाच वाजेपर्यंत स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले.