देवाचं नाव घ्या, काही होत नाही

मोठ्या सिस्टरांचा आवाज म्हणजे काय विचारता! ऑपरेशनआधीच्या वॉर्डात त्या शिरल्या की कण्हणारा माणूससुद्धा सावरून बसायचा. ट्रॉलीवर कुणी थरथरायला लागलं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "देवाचं नाव घ्या, काही होत नाही." नोकरी लागल्यापासून हेच. त्या वाक्यावर त्यांचा पुरता भरवसा होता.

एकदा भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सिस्टर, यानं भीती खरंच कमी होते, की आपल्यालाच तसं वाटतं?"

दुसरी कुणी असती तर फणकारली असती. सिस्टर म्हणाल्या, "बघू या की! खोटं ठरलं तर वाक्य सोडून देईन."

चिठ्ठ्या टाकून पेशंटांचे दोन गट केले. हात सगळ्यांचाच धरायचा, बसायचंही सारखाच वेळ. पण देवाचं नाव घ्यायला सांगायचं ते एकाच गटाला. भीती दहापैकी किती, हे मागाहून विचारणारी नर्स वेगळी. कोण कुठल्या गटातला, याचा तिला पत्ता नाही. किती फरक दिसला तर आपलं खरं, हेही सिस्टरांनी आधीच ठरवून टाकलं. नंतर पळवाट नको!

निकाल लागला. भीती दोन्ही गटांत उतरली होती, पण सारखीच. देवाच्या नावानं म्हणून वेगळा फरक काही दिसला नाही.

सर्जनसाहेब खदखदून हसले. "तुम्हीच तर म्हणत होतात, सिस्टर! देवाचं नाव घ्या, काही होत नाही!"

सिस्टरांना लागलं. इतकी वर्षं घाबरलेल्या माणसांच्या हाती आपण खुळखुळा देत आलो की काय? पण ऐकून घेतील तर त्या सिस्टर कसल्या! "हसा खुशाल," त्या म्हणाल्या. "परीक्षेला देव नव्हता बसला, माझं वाक्य बसलं होतं. ते नापास झालं." त्या दिवसापासून वाक्य बंद.

आणि मग त्यांच्या आईचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. आई पक्की भाविक. ट्रॉलीवर पडल्या पडल्या तिनं लेकीला गाठलं. "काय गं, तुझ्या तपासणीत माझा देव निकामी निघाला म्हणे? आता मी नाव घेऊ की नको?"

जुनं वाक्य अगदी ओठांवर आलं. सिस्टरांनी ते गिळलं. आईला दुखवायचं जिवावर आलं होतं, पण खोटं कसं बोलायचं? "खरं सांगू, आई? भीती त्यानं आणखी कमी होत नाही. निदान आमच्या वॉर्डात तरी नाही झाली."

"अगं वेडे, भीती जावी म्हणून कोण नाव घेतंय?" आई म्हणाली. "जन्मभर घेतेय, भीती कुठे गेली? आत्तासुद्धा आहेच. म्हणून काय त्याला सोडू? तुझे बाबा तरी कुठे कधी उपयोगी पडायचे! त्यांना सोडलं का मी?"

सिस्टरांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. एवढे पेशंट तपासले, पण नाव कशासाठी घेता, हे एकालाही विचारलं नव्हतं!

"मग तू कशासाठी घेतेस, आई?"

"सांगते. आधी मला बाहेर तर येऊ दे!"

"ये. मी इथेच आहे," सिस्टर म्हणाल्या आणि वॉर्डबॉयला बाजूला सारून त्यांनी स्वतःच ट्रॉली ढकलायला घेतली.