दाराबाहेरची धून

सॅक्सोफोन घेऊन मी पहिल्यांदा घरात आलो तेव्हा वडिलांनी दोनच अटी घातल्या. पायात बूट घालून वाजवायचं आणि खुर्चीवर बसून वाजवायचं. कारण विचारलं तर म्हणाले, "सांगितलं तेवढं कर." माझा स्वभाव भांडखोर, पण हे भलंमोठं पितळी प्रकरण ते घरात राहू देताहेत हेच पुष्कळ होतं. मी दोन्ही अटी मानल्या.

त्या अटीपायी मी वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय झालो. जॅझमध्ये आपली पाळी आली की वाजवणारा उठून उभा राहतो, मनासारखं वाजवतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. मी मात्र देवळालीपासून गंगापूर रोडपर्यंत जिथं जिथं वाजवलं तिथं खुर्चीला चिकटून. आमचा ट्रंपेटवाला माइकवरून सांगायचा, "माफ करा, ह्याची पँट मागून उसवलीय." लोक हसायचे, मीही हसायचो आणि आतून धुमसायचो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात पत्राकामाला होतो. दर रविवारी सकाळी बस बदलत देवळाली कॅम्पात जायचो. तिथं लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक गोव्याकडचे मास्तर राहायचे. त्यांच्याकडे जॅझच्या रेकॉर्डी होत्या आणि शिकवायची खाज होती. त्यांनी आम्हा पाच जणांची मोट बांधली: सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार, ड्रम आणि ढोलकी. ढोलकी त्यांनी हट्टानं घेतली होती. मी एक रेकॉर्ड हुबेहूब वाजवून दाखवली की ते म्हणायचे, "छान. पण हे तर रेकॉर्डमध्ये आहेच. तुझं काय आहे? घरचं काही आण."

घरचं म्हणजे काय, तर आईच्या जात्यावरच्या ओव्या आणल्या. त्यांना मास्तरांनी खालून गिटारचे असे सूर लावले की आईलाच त्या ओळखू येईनात. लोकांना आवडलं. लग्नांत, कॉलन्यांच्या कार्यक्रमांत आम्हाला बोलावणी येऊ लागली. मला वाटलं, आता आणखी खोलातलं काहीतरी हवं, आणि ते मला घरातच सापडलं.

वडील पूर्वी सनई वाजवायचे हे मला आईनं सांगितलं होतं. सायखेड्याच्या पुढं गोदाकाठी आमचं गाव. मी लहान असताना आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि त्याच बैठकीत ठरलं, की यापुढं कुणाच्या दारात वाजवायला जायचं नाही. वडिलांनी सनईची फुंकायची पत्ती नदीत सोडली, नळी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि नाशकात येऊन एका शाळेत शिपाई झाले. सनईचा विषय घरात निघत नसे. फक्त दाढी करताना ते एक धून गुणगुणायचे. गोड होती, पण ती कधी पुरी व्हायची नाही. फिरून फिरून पहिल्या जागी यायची आणि मध्येच तुटायची. मला वाटायचं, दाढी संपली म्हणून तुटते.

ती धून मी चोरून टिपली. चार-पाच सकाळी दाराआड उभा राहून कारखान्याच्या कामाच्या कार्डामागं स्वर लिहून घेतले. मास्तर ऐकून खूश. आम्ही तिच्यावर महिनाभर मेहनत घेतली. वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, असा माझा बेत होता.

धक्का बसला. जयंतीच्या संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम होता. माझं वाजवणं ऐकायला वडील प्रथमच आले, इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. आम्ही धून सुरू केली. गावाकडून आलेल्या आत्यानं दोन ओळींतच पदर तोंडावर ओढला. दोघे-तिघे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. वडील उठले आणि रांगेतून वाट काढत सरळ निघून गेले. मी वाजवत राहिलो. काय वाजवलं ते मला आठवत नाही.

घरी आलो तर ते ओट्यावर बसले होते.

"कुठून आणलीस ती?"

"तुमच्याकडूनच. दाढी करताना म्हणता ती."

"ते गाणं न्हवं रे. ती हजेरी हाय."

मग त्यांनी सांगितलं. सणाच्या सकाळी मोठ्या घराच्या दाराबाहेर चपला लांब काढून, उभं राहून ती वाजवायची. आतून कुणी हात केला की थांबायचं. कधी लगेच हात व्हायचा, कधी आतली माणसं जेवायला बसायची आणि विसरून जायची. छाती भरून आली तरी थांबायची सोय नव्हती.

"तिला शेवट नाय," वडील म्हणाले. "शेवट आपल्या हातात न्हवता. आन तू ती आपल्या माणसांपुढं वाजवलीस, लायटी लावून."

शरमेनं माझे कान तापले. पण जीभ ऐकेना. "मग रोज गुणगुणता कशाला?"

त्यांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चांगली हाय म्हणून. माझ्या बापानं बसवली होती ती. लय चांगली हाय."

बूट आणि खुर्चीचं कारण मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात दात खात होतो, त्याचं फार वाईट वाटलं.

ती धून आम्ही सोडून दिली. पण मला चैन पडेना. आजोबांची एवढी सुंदर चीज त्या दाराबाहेरच उभी राहणार, आणि वडील गेले की तीही जाणार. दोन-तीन महिन्यांनी मी धीर करून म्हणालो, "बाबा, तिला शेवट नाही ना, मग तुम्हीच करा. ज्यानं वाजवली त्यानंच थांबवावी."

"मला काय येतंय तुमचं इंग्रजी वाजवणं," म्हणाले, पण पुढच्या रविवारी बूट घालून माझ्याआधी बसथांब्यावर हजर.

मास्तरांच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. मी शेवट करून दाखवायचो आणि ते मान हलवायचे. "हे सिनेमातलं." "हे लय रडकं. कोण मेलंय का?" मास्तरांनीच बसवलेला एक झोकदार शेवट त्यांनी "ह्यात फटाके फार" म्हणून उडवून लावला. मास्तर आधी खवळले, मग हसून त्यांनी वडिलांना चहा ओतून दिला. असे कितीतरी रविवार गेले. एका सकाळी वडिलांनी हळूच चार स्वर गुणगुणले, खाली उतरणारे, साधे.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. झालं, आता घरी जायचं."

पुढच्या जयंतीला तेच मैदान. वडील पहिल्या रांगेत, शेजारी आत्या. आत्याला त्यांनी आधीच काही सांगितलं असावं, कारण या वेळी तिचा पदर जागेवर राहिला. ढोलकी सुरू झाली, गिटार आली, ट्रंपेटनं धून उचलली आणि माझ्याकडे दिली. मी बसून, बुटांसकट. फिरून फिरून पहिल्या जागी येत होतो, तेवढ्यात वडिलांनी हात वर केला.

हात म्हणजे थांब. आमच्या घराण्यात त्या हाताचा दुसरा अर्थच नव्हता. ह्यांना पुन्हा नकोसं झालं, असं वाटून मी सॅक्सोफोन तोंडातून काढणार होतो.

पण त्यांचा तळवा आभाळाकडे होता आणि ते तो हलवून मला वर उचलत होते. ऊठ. उभा राहा.

मी उठलो. ट्रंपेटवाल्यानं माझ्या पँटकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. उभ्यानं छाती केवढी मोकळी होते हे मला त्या दिवशी समजलं. धून मी आणखी दोनदा फिरवली, मनाला आलं म्हणून. मग वडिलांचे चार स्वर वाजवले आणि थांबलो.