कॅसेटींची उत्तरपूजा

कोणतीही वस्तू घराबाहेर टाकण्यापूर्वी तिची संमती घ्यावी लागते, अशा श्रद्धेने वागणारा मनुष्य आमच्या लातूरच्या व्याह्यांखेरीज मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी उदगीरचा, संस्कृत शिकवण्यात माझी हयात गेली. ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. माझी कन्या त्यांच्या घरी दिली, तेव्हा पत्रिका मी बारकाईने पाहिली होती. मुलाच्या वडिलांच्या मागच्या खोलीत काय आहे हे मात्र कोणत्याही पत्रिकेत दिसत नाही. लग्नानंतर प्रथमच त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला बैठकीत बसूही दिले नाही. थेट त्या खोलीच्या दाराशी नेले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, चप्पल भाईर." देवळाबाहेर चपला काढण्याची मला सवय आहे. येथे आत कोणता देव आहे हे कळण्यापूर्वीच मी त्या काढल्या. आत चारही भिंतींना फळ्या ठोकलेल्या होत्या आणि जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटी. भजने, कीर्तने, कव्वाल्या, चित्रपटांतील गाणी, आणि एका बाजूस जाडजूड व्हिडिओ कॅसेटींत अख्खे चित्रपट. कसर लागू नये म्हणून मधूनमधून कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कापराच्या वड्या ठेवलेल्या. एखाद्या मठातील पोथ्यांचीही इतकी निगा मी पाहिलेली नाही.

त्याच भेटीत त्यांनी मला गणपतीचे एखादे स्तोत्र म्हणावयास सांगितले. श्रवणाची इच्छा आहे असे समजून मी डोळे मिटून ते म्हटले. डोळे उघडले तेव्हा टेपरेकॉर्डरची लाल कळ दाबलेली होती. त्यांचे म्हणणे असे की, कोऱ्या कागदावर आपण प्रथम 'श्री' लिहितो, मग कोऱ्या कॅसेटीवर एकदम गाणे कसे भरावे? त्या दिवसापासून त्यांच्या घरी जी जी कॅसेट भरली गेली, तिच्या आरंभी माझा आवाज आहे; जुन्यांच्या आरंभीही तो मागाहून भरला गेला. पुढे काय आहे याला बंधन नाही. त्यांच्या मित्रांनी त्या कॅसेटींच्या प्रती केल्या, त्या मित्रांच्या मित्रांनी आणखी केल्या आणि मी नकळत लातूर जिल्ह्यात दूरवर पोहोचलो. एकदा औशाला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो असता चालकाने कॅसेट लावली, ती माझ्या स्तोत्राने सुरू झाली. सहप्रवाशांनी हात जोडले. फलश्रुती संपते न संपते तोच त्याच कॅसेटीतून एक अतिशय चंचल गीत सुरू झाले आणि तेच हात गुडघ्यांवर ताल धरू लागले. मी खिडकीबाहेरील तुरीच्या शेताकडे लक्ष वळवले.

चित्रपटांच्या बाबतीत त्यांची करुणा त्याहून मोठी. दुःखान्त त्यांना सोसत नसे. नायिका अंथरुणाला खिळली की ते कॅसेट थांबवीत आणि नायिकेचा अंतकाळ पुसून त्या जागी कोठल्या तरी कीर्तनाचा शेवट भरून ठेवीत. माझ्या कन्येने सासरी आल्यावर पहिला चित्रपट पाहिला, तो खोकणाऱ्या नायिकेवरून एकदम टाळमृदंगावर गेला. तिला वाटले, नायिका बरी झाली आणि घरच्यांनी नवस फेडला. मी याविषयी विचारले तेव्हा व्याही म्हणाले, "ती बिचारी एकदा टाकीत मेली, तेवढं बस झालं. आपल्या घरात आणून तिला परत कामून मारायचं?" थिएटरला ते टाकी म्हणतात. 

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या पहाटे ते विहीणबाईंना "भाईर हो" असे ओरडले आणि स्वतः कॅसेटींची मोठी पेटी छातीशी धरून अंगणात आले. विहीणबाईंनी ते अद्याप विसरलेले नाही. "मला नुसतं ओरडले. पेटीला मात्र उचलून आणलं," असे त्या माझ्यासमोर सांगत, आणि व्याही शांतपणे म्हणत, "अगं, तू चालत येतीस. पेटी चालत येती का?" परंतु त्या पेटीचे पुण्य मी स्वतः पाहिले आहे. लातूर शहर उभे होते; दक्षिणेकडची गावेच्या गावे मात्र मातीस मिळाली होती. गल्लीतील माणसे कित्येक आठवडे घरात निजत नव्हती. अंगणात पत्रे टाकून राहत होती.  सायंकाळी व्याही ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवीत आणि सर्व गल्ली भोवती येऊन बसे. शेजारच्या एका बाईचे सगळे माहेर त्या पहाटे गेले होते. तिला गाणी नकोत, पहिले स्तोत्र तेवढे हवे असे. ते संपले की व्याही कॅसेट मागे नेत आणि पुन्हा लावीत; ती उठून जाईपर्यंत पुढचे गाणे लागत नसे. मी तेथे बसून स्वतःचाच आवाज ऐकत होतो आणि तो माझा वाटत नव्हता. तेव्हापासून व्याह्यांच्या विक्षिप्तपणास हसताना मी थोडा जपून हसतो.

अशी वर्षे गेली. कॅसेटींमागून तबकड्या आल्या, त्याही गेल्या, आणि लातुरात घरटी एखादी खोली शिकवणीच्या मुलामुलींनी भरू लागली. कन्या आणि जावई नोकरीनिमित्त देवणीला राहत; आमची सामायिक नात तेथेच दहावी झाली आणि अकरावी-बारावीसाठी लातूरला येण्याचे ठरले. तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी होती, आणि घरात स्वतंत्र अशी एकच होती. जावई भिडस्त आहेत. ते वडिलांना एवढेच म्हणाले, "बाबा, नसलं जमत तर राहू द्या. वसतिगृहात जागा बोलून ठेवलीय." व्याही दोन दिवस जेवले नाहीत. नात आपल्याकडे राहणार हे ते गल्लीत वर्षभर सांगत आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्यास बोलावले, पोती आणली, पहिली कॅसेट हातात घेतली आणि ती पुन्हा फळीवर ठेवली.

मला फोन आला. "व्याहीबुवा, लई बेजार झालो. गाण्याची उचलावी तर तिच्या सुरुवातीला गणपती. सिनेमाची उचलावी तर तिच्या शेवटाला पांडुरंग. एक कॅसेट बिनदेवाची न्हाई. भंगारात कसं द्यावं?"

विसर्जन करावे, असे मी सुचवले.

"कुठं? लातुरात प्यायला टँकर यायलाय. ह्यांना कुठं बुडवू, बादलीत?"

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "तिकडं वर्ग सुरू व्हायलेत म्हणावं. पोरगी कॅसेटींवर निजंल का?"

मी दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरली आणि उदगीरपासून लातूरपर्यंत हाच विचार करीत गेलो. पोहोचल्यावर म्हणालो, "आपण गणपती बसवतो, तशी उत्तरपूजाही करतो. देवाला आदराने निरोप दिला की मागे उरते ती माती. येथेही तेच करू. निरोप दिल्यावर हे केवळ प्लास्टिक."

"पण ह्यांची प्राणप्रतिष्ठा कुठं केली होती?"

"तुम्ही आरंभी स्तोत्र भरले, तीच."

त्यांचा चेहरा उजळला. स्नान करून, सोवळे नेसून ते खोलीत आले. मी अक्षता दिल्या. त्यांनी विचारले, "निरोपाचं दही देवाच्या हातावर ठेवतेत. इथं कुठं ठेवू?"

"माझ्या डोक्यावर ठेवा," दारातून विहीणबाई म्हणाल्या, आणि दह्याची वाटी देऊन गेल्या.

उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित उत्तरेकडे हलवतात. एक फळी हलवली की सगळ्या हलल्या असे समजावे, असा सोपा मार्ग मी दाखवला. तो त्यांना रुचला नाही. ते एकेक कॅसेट घेत, तिच्यावरचे नाव वाचीत, बोटभर उत्तरेस सरकवीत आणि मग पोत्यात ठेवीत. सकाळची दुपार झाली. दारात भंगारवाले मामू हातगाडी घेऊन बसले होते, त्यांनी एकदा आत डोकावून विचारले, "क्या साब, इन लोगां का और कुछ बाकी है क्या?" व्याही म्हणाले, "जरा थांबा मामू. शेवटची फळी हाय." शेवटचे पोते गाडीवर चढले तेव्हा मामूंनी खांद्यावरची लुंगीची घडी उलगडून त्यावर टाकली, ऊन लागू नये म्हणून. व्याही गल्लीच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. परत आल्यावर त्यांनी केरसुणी घेतली आणि खोली स्वतः झाडली.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. पूर्वी त्या घरात पाऊल टाकताच कोठले तरी गाणे कानी पडत असे. आता इतकी शांतता होती की विहीणबाई कुकरची शिट्टी होताच दबक्या आवाजात कुकरला रागावत होत्या. व्याही खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले.

"येथे काय करता?" मी विचारले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवले. आत नात वनस्पतींच्या मुळांविषयी काही मोठ्याने पाठ करीत होती. व्याही हळूच म्हणाले, "आता अडती बघा." ती अडली, आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. "रोज इथंच अडती."

"यातले तुम्हाला काही कळते?"

"एक अक्षर न्हाई. पण गळा गोड हाय पोरीचा." मग म्हणाले, "दोन वर्षं हाय इथं. मग कुठं का जाईना."

आता प्रत्येकाच्या खिशात आवाज साठवण्याचे यंत्र असते. मी म्हणालो, "मग भरून ठेवा की तिचे वाचन. मागाहून ऐकता येईल."

त्यांनी खिशातील फोनवर हात ठेवला, पण तो बाहेर काढला नाही. "न्हाई व्याहीबुवा. भरून ठेवायचं लई केलं. आता येतंय तवर ऐकायचं."

भिंतीशी दुसरी खुर्ची होती. ओढली तर आवाज होईल, म्हणून मी ती उचलून आणली आणि त्यांच्याशेजारी बसलो.