ऐकायच्या पेपरात दोनदा नापास

एकाच खोलीत स्वयंपाक, लेकरू आणि जपानी भाषा नांदायला लागली की किस्से आपोआप साचतात. सांगितले की बायका हसतात. मीही हसते.

आमच्या ओमचे पप्पा आणि त्यांचा खुलताबादचा दोस्त सलीम, दोघंही वेल्डर. जपानला नोकरी पाहिजे तर आधी तिथल्या भाषेची परीक्षा. लिहायचं-वाचायचं जमलं, ऐकायच्या पेपरात मात्र दोघंही दोनदा नापास. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "कान तयार करा. मिळेल तिथं, मिळेल ते ऐका."

पास झाले तर पाच वर्षं तिकडं, बायको-पोराशिवाय. ओम आत्ता दीड वर्षाचा. नापास झाले तर बिडकीनला ठेकेदाराकडचं काम, आज आहे, उद्या नाही. देवापुढं हात जोडले की नेमकं काय मागावं तेच मला सुचत नाही.

*

सलीमनं फोनवर तासाभराचं फुकटचं जपानी शोधलं. आठ दिवस जेवताना, दाढी करताना तेच चालू. नवव्या दिवशी मॅडमनी ऐकलं.

"अहो, ही स्टेशनातली सूचना आहे. गाडी येतेय, रेषेच्या मागं व्हा, एवढंच म्हणतेय ती."

सलीम मला म्हणाला, "भाभी, नौकरी लगी नहीं तो भी चलेगा. गाडी के नीचे तो नहीं आते अब."

*

मग कुणीतरी सांगितलं, वेरूळला जपानी लोक येतात, त्यांच्या मागं मागं फिरा. रविवारी दोघं गेले. दहा-बारा जपानी माणसं भेटली, पण लेण्यात शिरली की हात जोडून गप्प. हे दोघं खांबाआड कान लावून उभे. वॉचमननं पाकीटमार समजून आधार कार्डं काढून घेतली, तासभर बसवून ठेवलं.

सुटल्यावर त्यांच्यातली एक म्हातारी यांच्याकडं बघून घाम पुसत म्हणाली, "अत्सुई." गरम आहे. दिवसभरात तेवढा एक शब्द मिळाला.

त्या दिवशी ओमला ताप होता. मी एकटीच त्याला दवाखान्यात नेऊन आणलं. हे संध्याकाळी आले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अत्सुई."

*

मॅडम म्हणाल्या, लहान पोरांची कार्टून लावा, सोपं असतं. ते ओमलाच जास्त आवडलं. मी हाक मारली तरी मान वळवेना.

शेजारच्या लताकाकू दारातून म्हणाल्या, "बाप जायचा तवा जाईल. लेकरू तर गेलं की आधीच."

*

सासूबाई दौलताबादहून आल्या. दोन दिवस फोनमधलं ऐकलं.

"ही बाई सारखं काय इचारती गं?"

"पोस्ट कुठं आहे म्हणते."

"मग सांगून टाक की एकदाचं."

मी हसले. त्या नाही हसल्या. "ह्यो जाणार म्हंजी जाणारच का?" त्यांनी विचारलं. मी फोनचा आवाज वाढवला.

*

भांडी घासता घासता माझेच कान तयार झाले. फोनमध्ये प्रश्न आणि त्याचे पर्याय आले की मोरीतून मी उत्तर द्यायचे, "तिसरं." बरोबर निघायचं. सलीम म्हणाला, "भाभी को ही भेज दो, यार." हे ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून मला कळलं तरी मी बोलत नाही.

*

तिसऱ्या खेपेला दोघं पास झाले. जपानच्या साहेबांनी यांची मुलाखत फोनवरच घेतली, व्हिडिओवर, भर दुपारी आमच्या खोलीत. मी ओमला मांडीवर घेऊन पडद्याआड बसले.

नाव, वय, वेल्डिंग किती वर्षं केलं, सगळं विचारलं. हे पटापट बोलले. शेवटी साहेबांचा आवाज हळू झाला. "ओकुसान वा दाइजोबु देस का?" तुमच्या बायकोचं ठीक आहे ना, असं विचारत होते.

"हाय, हाय," म्हणजे हो, हो, म्हणून यांनी मान लववली.

फोन बंद करून पडदा सारला. तोंडावर घाम होता. "शेवटचं काय विचारलं गं त्यांनी? तुला काही कळलं का?"

मी म्हणाले, "तिकडं थंडी लई असते, असं काहीतरी."

"मग स्वेटर घ्यावा लागंल," हे म्हणाले.