चौदा गोल आणि माझा एक

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, मी धोंडीरामची लाल मारुती मागे घेताना थेट कडुलिंबावर घातली. उद्देश चांगला होता: गिऱ्हाईक यायच्या आत गाडी उन्हात चमकावी. लायसन मिळून मला नऊ दिवस झाले होते, लिंब तिथे तीस वर्षं होता. चूक कोणाची ते उघड होतं.

धोंडीराम आमच्या सातपूरचा डेंटर, माझा शेजारी. इगतपुरीच्या पावसात सडलेले पत्रे सरळ करता करता त्याचा हात बसलेला. अपघातात चेपलेली, विमा कंपनीने ‘आता हिच्यात राम नाही’ म्हणून सोडून दिलेली गाडी तो घ्यायचा, सहा-सहा महिने ठोकायचा आणि नवरीसारखी उभी करायचा. मग जिथे जिथे दुरुस्ती केली, तिथे तिथे गिऱ्हाइकासाठी पांढऱ्या खडूने गोल काढायचा. खडू माझ्याच शाळेतले.

पहिली गाडी त्याने गप्प राहून विकली होती. घेणारा तीच गाडी घेऊन वणीला जाऊन आला आणि देवीच्या प्रसादाचे पेढे घेऊन दारात उभा राहिला. “घशाखाली उतरंनात, सर,” धोंडीराम सांगायचा. त्या दिवसापासून खडू.

या लाल गाडीवर चौदा गोल होते. तीन गिऱ्हाइकं ते बघून फाटकातूनच परतली होती. सगुणाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली होती, “अहो, गाडी विकताय का तिला देवी आल्यात म्हणून दाखवताय?” तिचंही बरोबर होतं. लेकीचं, निकिताचं लग्न आठ दिवसांवर, सगळा पैसा त्या गाडीत अडकलेला, आणि गाडी नेमकी मांडवाच्या जागेवर.

गाडी लिंबावर आदळल्याचा आवाज ऐकून दोघं नवरा-बायको बाहेर आले. “ही बाजू भिंतीकडे करू,” मी पुटपुटलो. धोंडीरामने वाकून पोचा पाहिला, माझ्या खिशातला खडू काढला आणि शांतपणे पंधरावा गोल काढला.

तेवढ्यात फाटक वाजलं. निफाडचे द्राक्षबागायतदार केरूअण्णा आणि त्यांच्या पत्नी बायडाबाई. अण्णा गोल मोजत फिरू लागले, मीही मनात मोजत होतो.

“हे दार बदललं. हा दारामागचा खांब सरळ केला,” धोंडीराम सांगत होता.

“आन ह्यो?”

“ह्यो ह्या सरांनी केला. पाच मिनिटं झाली.”

अण्णा फाटकाकडे वळले. “चल गं. लय मार खाल्लाय हिनं.”

सगुणाबाईने पदर तोंडाला लावला. बायडाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “थांबा की. काल दोन गाड्या बघितल्या. एकीला तरी गोल व्हता का?”

“नाय.”

“दोन्ही म्हणं डॉक्टरच्या, रविवारच्या रविवारी देवळात जायच्या.” त्यांनी माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. “ह्या माणसानं पाच मिनिटांपूर्वीचं बी लपवलं नाय. हीच घ्या.”

अण्णा त्र्यंबक रस्त्याला चक्कर मारून आले ते दात दाखवतच. व्यवहार ठरला, अर्ध्या तासात पोचा निघाला, सगुणाबाईने चाकापुढे नारळ फोडला. इतका हर्ष झाला मला, की मी हात पुढे केला. “आण किल्ली, मी काढून देतो गाडी रस्त्यावर.”

धोंडीरामने किल्ली अण्णांच्या हातात ठेवली.

“सर, तुम्ही लिंबाला धरून उभे राहा.”